दोन बहिणींची एकच मुरड

दक्षिण फ्रान्समधल्या सेत बंदरातल्या वरच्या आळीत लोक म्हणायचे की चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत एक वेळ चूक सापडेल, ऑर्तान्सच्या फळीवर सापडणार नाही. पाद्र्यांच्या कानावर हे गेलेलं होतं आणि त्यांना ते फारसं रुचलेलं नव्हतं. पण रविवारची प्रार्थना आटोपली की तेही आपलं ताट आणायला तिच्याच भट्टीवर जायचे, आणि त्यांना त्यांचंच ताट मिळायचं.

ऑर्तान्स आझाइस मूळची इथली नाही. आत द्राक्षमळ्यांच्या मुलखात तिचं माहेर. एकोणिसाव्या वर्षी फिर्मां बेकरीवाल्याशी लग्न करून ती या चढावरच्या गल्लीत आली, तेव्हा तिने समुद्र दोनदाच पाहिलेला होता आणि ऑक्टोपस एकदाही नाही. वरची आळी सगळी कोळ्यांची, त्यातही इटलीतल्या गाएताहून आलेल्यांची. त्या बायका घरी तिएल करायच्या आणि भाजायला बेकरीत आणून द्यायच्या. घरोघरी चूल होती, पण भट्टी आळीत एकच. तिएल म्हणजे पावाच्या पिठाची गोल पारी, त्यावर टोमॅटोत शिजवलेला ऑक्टोपस, वर दुसरी पारी आणि कडेने करंजीला घालतात तशी मुरड. भाजून निघाली की वरची पारी तेलाने तांबूस होते आणि खाताना तेच तेल कोपरापर्यंत ओघळतं. पहिले सहा महिने ऑर्तान्सला त्या वासाने मळमळायचं. सासू म्हणाली, "सवय होईल, नाहीतर दिवस गेले असतील." दोन्हींपैकी सवय झाली. मूल काही झालं नाही.

ताटं सगळी बेकरीचीच, पत्र्याची, एकसारखी, एकेकात दहा-बारा तिएल मावतील अशी. नावाची चिठ्ठी लावावी तर ती भट्टीत जळून जाणार. तेव्हा कुणाची तिएल कोणती, हे ओळखायचं ते मुरडीवरून. एखादी अंगठ्याने दाबायची, एखादी काट्याने ठसे उठवायची, एखादी डावखुरी असल्यामुळे तिचा पीळ उलटा पडायचा. वर्षभरात ऑर्तान्सला आळीतलं घरन् घर मुरडीवरून कळायला लागलं. पुढे पुढे तर त्याहून जास्त कळायला लागलं. कुणाचं नवऱ्याशी वाजलंय, कुणाची सांधेदुखी बळावली आहे, कुणाच्या घरी सासूने पीठ मळायचं सोडून सुनेच्या हातात दिलं आहे. ती बघायची, ताट ठेवून घ्यायची आणि बोलायची नाही. आळीतल्या प्रत्येक घराचं ताट आपल्या हातातून जातं, तर कुठल्याच घराचा शब्द आपल्या तोंडातून जाता कामा नये, असं तिने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. या तिच्या मुकेपणावर आळी बेहद्द खूश होती.

एकेचाळीस वर्षं असं चाललं. दर ताटामागे एक तिएल भट्टीच्या वाट्याची, अशी जुनी रीत होती. त्या वाट्यावर नवराबायकोचं दुपारचं जेवण व्हायचं आणि पाव विकून बाकीचं घर. पण अलीकडे खाली भट्टी जोडलेल्या गॅसच्या शेगड्या निघाल्या होत्या आणि एकेका घरात शिरत होत्या. ताटं निम्म्यावर आली. जे अजून येत होते ते म्हणायचे, "लाकडावरची चव ती लाकडावरची, आणि ऑर्तान्सकडे आपलं ते आपल्यालाच मिळतं." यातलं पहिलं अर्धं वाक्य फिर्मांच्या जिवावर होतं, दुसरं ऑर्तान्सच्या. एकदा जरी ताट बदललं असतं तरी उरलेल्यांना शेगडी घ्यायला निमित्त मिळालं असतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साऱ्या आळीत मुरड एकसारखी असलेल्या फक्त दोघी होत्या. फिलोमेना आणि आसुन्ता, नुन्झियाताच्या मुली. दोघींत अकरा वर्षांचं अंतर. मुरड आईची: दोन बोटांनी चिमूट, अर्धा पीळ, वर अंगठ्याचा दाब. आई जाऊनही आता अकरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण मुरड सोडायला एकही तयार नव्हती. "मी का बदलू? माझ्या आईची आहे," असं दोघी म्हणायच्या, आणि जगात तेवढ्या एका वाक्यावर त्यांचं एकमत होतं.

भांडण मुळात होडीवरून. बाप वारला तेव्हा नुन्झियाताने कुणाला न विचारता होडी विकून टाकली. फिलोमेनाचा नवरा बियाजो त्या होडीवर चौदा वर्षं राबला होता आणि पुढे ती आपल्याकडेच येणार असं धरून चालला होता. त्याने सांगितलं, या घरातलं कुणी त्या घराची पायरी चढणार नाही. फिलोमेनाने नवऱ्याचा शब्द राखला. चार वर्षं ती आईकडे गेली नाही. दोन गल्ल्यांचं अंतर, पण नाही म्हणजे नाही. पाचव्या वर्षी गेली ती आईच्या मातीला.

मग धाकट्या आसुन्ताने कालव्याच्या पलीकडे, बाजाराच्या दारापाशी मेज मांडलं आणि 'नुन्झियाताच्या हातची तिएल' म्हणून विकायला लागली. आठवड्याच्या आत फिलोमेनाने कालव्याच्या अलीकडे, मासळीच्या लिलावघरापाशी हातगाडी उभी केली. तिच्याकडेही नुन्झियाताच्याच हातची. मधे कालवा, वर पूल, आणि दोन्ही काठांवर एकच मेलेली बाई. फिलोमेनाची तिएल झणझणीत, आसुन्ताची सौम्य, कांद्याने गोडसर. फिलोमेना गिऱ्हाइकांना सांगायची, "आईचं तिखट साऱ्या आळीला माहीत आहे. पलीकडे आईच्या नावावर लापशी विकतात." आसुन्ता सांगायची, "शेवटची चार वर्षं जी फिरकली नाही, तिने आईची चव सांगू नये." लोकांनीही बाजू घेतल्या. या काठचे पलीकडची खात नसत, त्या काठचे अलीकडची. न खाताच दोन्हीकडच्यांना समोरची वाईट आहे हे माहीत होतं.

दोघी भाजायला मात्र ऑर्तान्सकडेच यायच्या, कारण आईने उभा जन्म तिथेच भाजलं. फिलोमेनाने सातला ताटं आणायची, आसुन्ताने साडेसातला. फिलोमेनाने दहाला न्यायची, आसुन्ताने साडेदहाला. हे वेळापत्रक ऑर्तान्सचंच. मुरडीवरून ओळखायची सोय नाही म्हणून तिने जागा ठरवून दिली होती. ओट्यामागे दाराकडे तोंड करून ती उभी असे. फिलोमेनाची ताटं उजव्या हाताला, आसुन्ताची डाव्या. तिथून फिर्मां एकेक उचलून भट्टीत सारायचा आणि निघाली की फिलोमेनाची खिडकीखालच्या फळीवर, आसुन्ताची पिठाच्या कोठीपाशी. अकरा वर्षांत एकदाही गफलत नाही.

चौसष्ट सालच्या ऑगस्टात, सें-लुईच्या जत्रेतल्या सोमवारी सकाळी फिर्मां पिठाचं पोतं उचलायला वाकला आणि तसाच राहिला. कंबरेत उसण भरली. दोघा शेजाऱ्यांनी त्याला वर नेऊन खाटेवर घातलं. तो सोमवार म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. कालव्यात तांबड्या आणि निळ्या होड्यांवरच्या धिप्पाड गड्यांची भाल्यांची झुंज त्या दिवशी असते, गावाबाहेरची माणसं लोटतात आणि सगळ्यांना उभ्याने खायला काहीतरी हवं असतं. दोघी बहिणींनी चार-चार ताटं आणलेली. ऑर्तान्सने ती नेहमीसारखी ठेवून घेतली, उजवी उजवीकडे, डावी डावीकडे. मग ती स्वतः लांब दांड्याचं फावडं घेऊन भट्टीकडे वळली.

आणि वळली तिथेच चुकली. एकेचाळीस वर्षं तिचं तोंड दाराकडे होतं, भट्टीकडे पाठ. आता भट्टीकडे तोंड केल्यावर तिच्या उजव्या हाताला आली ती आसुन्ताची ताटं. उजवी म्हणजे फिलोमेनाची, एवढंच तिच्या हाताला माहीत. घामाने डोळे चुरचुरत होते, दारात पावाला रांग लागली होती. आठही ताटं नीट भाजली गेली, एकही पारी करपली नाही. दहाला फिलोमेना आली, खिडकीखालची ताटं गाडीवर रचून घेऊन गेली. साडेदहाला आसुन्ता आली आणि कोठीपाशीची घेऊन गेली.

दुपारी ऑर्तान्स वाट्याच्या तिएल घेऊन वर गेली. फिर्मांला तिखट आवडायचं म्हणून फिलोमेनाची त्याला आणि आसुन्ताची स्वतःला, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. फिर्मांने उताण्यानेच घास घेतला, चावला, आणि भुवया वर केल्या.

"फिलोमेनाचं काही बिनसलंय का?"

"का?"

"तिखट कुठाय?"

ऑर्तान्सने आपल्या ताटलीतला तुकडा तोंडात टाकला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते तिखटाने आलं होतं. ती खाटेच्या कडेवर बसली, आणि खाट हलल्यामुळे फिर्मां कण्हला.

"बदलली," ती म्हणाली. "मी बदलली ताटं."

"किती?"

"सगळी."

फिर्मांने छताकडे नजर लावली. मग म्हणाला, "कुणाला कळलंय?"

"तुला."

"मग गप्प बस. जत्रेचा दिवस आहे, निम्मी माणसं बाहेरगावची आणि उरलेली निम्मी प्यायलेली. संध्याकाळपर्यंत खाऊन मोकळी होतील. पोटात गेल्यावर कोण कुणाची मुरड तपासतंय?"

"आणि त्या दोघी?"

"विकणारी बाई विकताना स्वतःचं खाते होय? ऐक माझं. एकेचाळीस वर्षं तू तोंड उघडलं नाहीस, आणि आज उघडणार ते स्वतःच्याच नरड्यावर पाय द्यायला?"

म्हणणं वावगं नव्हतं. तरी ऑर्तान्स ऍप्रन न सोडताच कालव्यावर गेली. काठावर मुंगीला वाट नाही. सनई आणि ताशाचा गजर चाललेला, मध्येच एखादा गडी पाण्यात कोसळला की दोन्ही काठ आरोळी ठोकायचे. फिलोमेनाच्या गाडीभोवती तिची नेहमीची मंडळी, तोंडं भरलेली. त्यात थोराड मानेचा एक लिलाववाला होता, ऑनोरे नावाचा. तो कोपरावरचं तेल चाटत म्हणत होता, "आज हात जरा आवरता घेतलास तिखटाचा, फिलोमेना. पण बघा, तिखट नसलं तरी खरी ती खरी! हे त्या पलीकडचीला जन्मात जमायचं नाही."

"तिखट आहे तेवढंच आहे," फिलोमेना म्हणाली. "तुझी जीभ वाइनने बधिर झालीय."

सगळे हसले. फिलोमेनाची नजर ऑर्तान्सवर पडली. "अगंबाई! भट्टी सोडून आज इकडे कशी तू? झुंज बघायला?"

ऑर्तान्सने तोंड उघडलं. आत शब्द तयार होते. "हो," ती म्हणाली. दोन गडी पाण्यात पडेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग घरी आली. वाटेत तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि त्या सुटल्याचीच जास्त लाज वाटत होती.

मंगळवारी साडेसातला आसुन्ता आली ती फुललेल्या चेहऱ्याने. "मावशी, काल तीनच्या आत चारही ताटं साफ! मला चाखायला एक उरली नाही. लोक घामाघूम होऊन खात होते, वर वाइन मागत होते. ऊन तरी किती होतं काल!"

"ऊन होतं खरं," ऑर्तान्स म्हणाली.

"ती आली नाही वाटतं आज?" आसुन्ताने खिडकीखालच्या मोकळ्या फळीकडे न बघता विचारलं. बहिणीचं नाव ती कधी घेत नसे.

"नाही आली."

बुधवारीही फिलोमेना आली नाही. गुरुवारी नाही. तिची हातगाडी लिलावघरापाशी उलटी करून ठेवलेली, तशीच. पाव घ्यायला येणाऱ्या बायका विचारायच्या, "आजारी आहे का हो? तुम्हाला ठाऊक असेल." ऑर्तान्स सुटे परत द्यायची आणि मान हलवायची. खाटेवरून फिर्मां म्हणाला, "शेगडी घेतली असेल तिने. घरीच भाजून बघत असेल. बरंय, एक भानगड कमी झाली."

"तिला कळलंय," ऑर्तान्स म्हणाली.

"कळलं असतं तर आळी डोक्यावर घेतली असती तिने. फिलोमेना आहे ती."

हेच ऑर्तान्सला खात होतं. फिलोमेना ओरडणारी बाई. ओरडली असती तर ऐकून घेता आलं असतं, हात जोडता आले असते. पण ओरडणारी बाई चार दिवस गप्प बसते म्हणजे काय? शुक्रवारी दुपारी तिने दुकानाची फळकुटं लावली, ऍप्रन काढून खुंटीला टांगला, केस सारखे केले आणि चढ चढून फिलोमेनाच्या घरी गेली. तीन जिने. एकेचाळीस वर्षांत कुणाच्याही घरी ती बोलावल्याशिवाय गेली नव्हती. तिसऱ्या जिन्यावर तिला धाप लागली, आणि दार उघडंच होतं.

"सोमवारी माझ्याकडून ताटं बदलली," ती उंबऱ्यातच म्हणाली. आधी बसून, पाणी पिऊन, मग बोलू म्हटलं असतं तर ते बोलणं झालंच नसतं. "तुझी आसुन्ताकडे गेली, तिची तुझ्याकडे. सगळी. चूक माझी, फिर्मांची नाही. तुला आळीत सांगावंसं वाटलं तर सांग."

फिलोमेना मेजापाशी बसली होती. समोर काही नव्हतं, कांदा नाही, सुरी नाही. "माहीत आहे," ती म्हणाली. "आत ये. अशी दारात उभी राहू नकोस, वसुलीवाल्यासारखी."

ऑर्तान्स आत येऊन बसली.

"माहीत होतं तर ओरडली का नाहीस?"

"काय ओरडू? की दिवसभर मी तिची तिएल विकली आणि माझ्या माणसांनी बोटं चाटून खाल्ली? तो ऑनोरे पाच खाऊन गेला." फिलोमेना हसल्यासारखं करून थांबली. "एक उरली होती. घरी आणून खाल्ली. पहिला घास घेतला आणि म्हटलं, हे काय, बाळाला भरवायचं? थुंकणार होते. मग कांदा लागला."

"हं."

"दोन तास मंद आचेवर ठेवल्याशिवाय कांदा असा होत नाही. आमच्या घरी कधी झालाच नाही. बाबा जिन्यातूनच ओरडत यायचे, भूक लागली म्हणून. आईने दोन तास कधी कांद्याला दिले? पण ऑक्टोपस आईचा. टोमॅटो आईचा. लवंग एकच टाकायची ती, ती एकच लवंग. सगळं आईचं होतं गं, फक्त घाई नव्हती. आणि तिखट नव्हतं." तिने मेजावरचा नसलेला चुरा झाडला. "चार दिवस मी इथे बसून तेच घोकतेय. आसुन्ताने तिखट काढलं कशाला? तिला आवडायचं. लहानपणी माझ्या ताटलीतली मिरची पळवायची ती कार्टी."

ऑर्तान्सला उत्तर माहीत होतं. पंधरा वर्षं माहीत होतं. ते तिच्या हातातून गेलेलं होतं, मुरडीसकट, आणि म्हणूनच तोंडातून गेलं नव्हतं. तिने पदरी बाळगलेला नियम अजून तिथेच होता, तरी ती म्हणाली, "आसुन्ताने नाही काढलं. तुझ्या आईने काढलं."

"आईने?"

"पोटात जखम झाली होती. तुझे बाबा गेले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलं. मग तिखटाच्या जागी तिने कांदा वाढवला. शिजवत बसायला आता वेळच वेळ होता तिला."

फिलोमेना तिच्याकडे बघत राहिली. "आजारी आहे एवढं कानावर होतं. तिखट सुटलंय हे मला कोण सांगणार? मी अकरा वर्षं बंदरभर सांगत सुटलेय की आसुन्ता खोटारडी आहे." आणि मग, आवाज न चढवता, "तू सांगायचंस. त्या चार वर्षांत दर रविवारी मी तुझ्याकडे ताट घेऊन येत होते. तू ताट घेत होतीस आणि माझ्या तोंडाकडे बघत होतीस."

"तुमच्या दोघींच्या मध्ये पडायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

"नाही पडलीस. आम्हाला बरोब्बर वेगवेगळं ठेवलंस. कुठे म्हणून सरमिसळ होऊ दिली नाहीस."

ऑर्तान्सला हे लागलं. लागायलाच हवं होतं. ताटं वेगळी ठेवण्यात आपण काही चांगलं करतोय असंच ती आजवर धरून चालली होती. 

खालच्या गल्लीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. फिलोमेनाने विचारलं, "शेवटी शेवटी खायची का ती? की नुसतीच करायची?"

"खायची. शनिवारी आसुन्ता ताट घेऊन पुढे, ती मागून काठी टेकत. मी भट्टीपाशी खुर्ची टाकायचे. तिथेच गरम गरम खायची. अर्धी."

"अर्धीच?"

इथे ऑर्तान्सला थांबता आलं असतं. पोट दुखायचं म्हणून अर्धी, असं म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं.

"उरलेली अर्धी कागदात बांधून घरी न्यायची," ती म्हणाली. "म्हणायची, उद्या फिलोमेना वर आली तर तिला होईल."

फिलोमेनाचा चेहरा हलला नाही. फक्त मेजावरचा हात तिने मांडीवर घेतला. "रविवारी मी भट्टीवरच तर असायचे. तिथे आली असती तर भेटले असते की."

"मी म्हटलं होतं तिला. म्हणाली, नवऱ्याने नको म्हटलंय, मी वाटेत उभी राहिले तर पोरीची पंचाईत होईल. तिला यावंसं वाटेल तेव्हा ती येईल."

"दर शनिवारी ठेवायची?"

"दर शनिवारी."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

"मी तर गेलेच नाही." फिलोमेना म्हणाली. "मग ती अर्धी कोण खायचं?"

"आसुन्ता. सोमवारी सकाळी, कामाला जाताना, माझ्या दारात उभ्या उभ्या. दोन दिवसांची शिळी, कडा वाळलेल्या. टाकवायची नाही तिला. आणि आई उठायच्या आत घेऊन निघायची, आई झोपेत असताना तू येऊन खाऊन गेलीस असं सांगायला."

फिलोमेना मग उठली. मेजाला धरून एकदा उभी राहिली, पायात घरच्या सपाता होत्या त्यांच्याकडे बघितलं आणि तशीच दाराकडे निघाली. पुलापलीकडे बाजाराच्या दारातलं आसुन्ताचं मेज अजून तासभर तरी उठणार नव्हतं.  जिन्यावर सपातांचा आवाज खाली खाली जात राहिला, मध्येच थांबला, आणि खालून फिलोमेनाची हाक आली.

"जाताना दार ओढून घे गं. मला वेळ लागेल."